शी-शूनंतरचं धुणं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डायपर सुटण्याच्या वयातल्या मुलांविषयी या महिन्यात बरीच पत्रं आली. मूल पॉटीवर बसायला शिकलं, सांगायलाही लागलं, पण पुढचं धुणं, पुसणं, हात धुणं कुणी, कसं आणि कधीपर्यंत करायचं, असा बहुतेकांचा प्रश्न आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

मुलगी अडीच वर्षांची आहे. कमोडवर छोटी सीट ठेवून बसते. शी झाली की मी तिला खाली उतरवते, पुढे वाकवते आणि मागून जेटने धुते. गेले दोन दिवस शू करताना ‘दुखतं’ म्हणते. माझं काही चुकतंय का?
— एक आई, ठाणे

धुण्याची दिशा चुकते आहे. मूल पुढे वाकलं की ढुंगण वर जातं आणि शूची जागा खाली येते. मागून मारलेलं पाणी शीचे कण घेऊन पुढेच ओघळतं. मुलींची मूत्रनलिका खूप आखूड असते आणि तिचं तोंड शीच्या जागेपासून जेमतेम दोन-तीन बोटांवर असतं. आतड्यात निरुपद्रवी असणारे जंतू तिथून मूत्राशयात गेले की लघवीचा संसर्ग होतो.

तिला सीटवरून उतरवू नका, बसल्या जागीच धुवा. तुम्ही समोर उकिडवं बसा, तिला किंचित पुढे झुकवून तिचं डोकं तुमच्या खांद्यावर टेकू द्या. फ्रॉकचा घोळ पोटाशी धरायला तिलाच सांगा, म्हणजे तिचे हात गुंततात आणि मध्ये येत नाहीत. आता उजव्या हातातल्या मगाने पुढून, पोटाच्या बाजूने पाण्याची बारीक धार सोडा आणि आधी फक्त शूची जागा धुऊन घ्या. मग डावा हात तिच्या पाठीमागून खाली न्या आणि बोटं पुढून मागे फिरवत शीची जागा धुवा. मागे गेलेला डावा हात धुतल्याशिवाय पुढे आणायचा नाही. शेवटी पुन्हा एकदा पुढून स्वच्छ पाणी ओता. साधारण तीन-चारशे मिलिलिटरचा छोटा मग घेतला तर दोन, फार तर तीन मग पाणी पुरतं. भारतीय पद्धतीच्या संडासातही क्रम हाच. फक्त पायटे मोठ्यांच्या मापाचे असतात, मुलांचे पाय त्यावर नीट ठरत नाहीत. म्हणून तिला काखेत आधार देऊन धरा.

जेट वापरायचाच असेल तर भिंतीजवळचा कॉक अर्ध्याहून कमी उघडा आणि धार आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घेऊन बघा. तिथे टोचली तर तिच्या नाजूक कातडीला दुखणारच. मोठ्या इमारतींमध्ये खालच्या मजल्यांवर पाण्याला दाब जास्त असतो, तिथे हे विसरू नका. थंडीत पाणी कोमट हवं. गार पाण्याचा फटका बसला की मुलं धुवायचं टाळण्यासाठी शीच दाबून धरायला लागतात.

आता तिच्या दुखण्याबद्दल. वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची चाचणी) करून घ्या. कधीकधी संसर्ग नसतो, नुसती बाहेरची कातडी साबणाने किंवा ओलेपणाने लाल झालेली असते आणि लघवी लागली की झोंबते. पण हे बघून ठरवता येत नाही. नमुना घेताना जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार जाऊ द्या आणि मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या. डबी तासाभरात लॅबमध्ये पोचली पाहिजे, नाही तर तोवर फ्रीजमध्ये ठेवा. तिला थंडी वाजून ताप आला, उलट्या झाल्या किंवा कंबरेत दुखायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नातवाला प्रत्येक वेळी साबण लावून, वर अँटिसेप्टिकचे चार थेंब टाकलेल्या पाण्याने धुते. इतकी काळजी घेऊनही जागा लालच राहते.
— एक आजी, कराड

आजी, लाली येते ती या काळजीमुळेच. शीच्या जागेच्या कातडीवर तेलकटपणाचा एक पातळ थर असतो. दिवसातून तीन वेळा साबण लागला की तो निघून जातो, आणि अँटिसेप्टिक तर त्या कातडीला भाजल्यासारखंच लागतं. रोज नुसतं पाणी पुरे. साबण आंघोळीच्या वेळी एकदा, तोही बाहेरून. शी चिकट असेल आणि निघत नसेल तर घासू नका. खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाने आधी सैल करा, मग धुवा.

धुण्याइतकंच कोरडं करणं महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच राहतं. ओल्या अंगावर चड्डी चढते, दोन्ही कुल्ल्यांच्या घडीत पाणी राहतं, तिथे कातडी भिजून फुगते आणि सोलवटते. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे हातरुमालाएवढे तुकडे करून संडासाच्या दाराशी ठेवा. पुसायचं नाही, टिपायचं. वापरलेला तुकडा पुन्हा घडी करून ठेवायचा नाही, धुवायला टाकायचा. टाल्कम पावडरीची गरज नाही. ती घडीत गोळा होऊन उलट काचते, आणि उडालेली श्वासात जाते.

जुलाब चालू असतील तर प्रत्येक धुण्यानंतर झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा, पुरणपोळीवर तूप घालताना लागतो तसा सढळ हात. पुढच्या वेळी ते सगळं खरवडून काढायचं नाही, फक्त वरची घाण धुवायची. तीन दिवसांत लाली उतरली नाही, तिच्या कडेला बारीक लाल पुटकुळ्या आल्या, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला वेगळं मलम लागतं. शीच्या जागेभोवती ठसठशीत कडेची लालभडक चकती दिसत असेल, शी करताना मूल ओरडत असेल, तर तो स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग असण्याची शक्यता असते. तो मलमाने जात नाही, डॉक्टरांकडून पोटात घ्यायचं औषध लागतं.

मुलगा तीन वर्षांचा. सासूबाई म्हणतात, आंघोळीला रोज शूच्या जागेची कातडी मागे ओढून धुवायला हवी. तो रडतो.
— एक आई, नाशिक

ओढू नका, कुणालाही ओढू देऊ नका. या वयात ती कातडी आतल्या भागाला निसर्गतःच चिकटलेली असते आणि पुढच्या काही वर्षांत आपोआप सुटते. जबरदस्तीने मागे घेतली की बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतात आणि जी कातडी आपणहून मोकळी झाली असती ती कायमची आवळते. बाहेरून पाणी घातलं की स्वच्छता झाली. आतून पांढरे, मऊ कण दिसले तर घाबरू नका, ते जुन्या पेशी सुटल्याचं लक्षण आहे, पू नव्हे. मागे गेलेली कातडी परत पुढे येत नसेल आणि टोक सुजलं असेल, तर मात्र तासाचाही उशीर न करता रुग्णालयात न्या. शू करताना दुखतं, धार दोऱ्यासारखी बारीक पडते, टोक लाल होऊन सुजतं, तर दवाखान्याच्या नेहमीच्या वेळेत डॉक्टरांना दाखवा.

शू आधी बसूनच शिकवा. पुढे झुकून, टोक खाली दाबून धरायचं. शेवटचा थेंब झटकायला दोन सेकंद थांबायचं, म्हणजे चड्डी ओली होत नाही.

साडेतीन वर्षांच्या मुलाच्या चड्डीला रोज शीचे डाग असतात. ‘नीट धुवत नाहीस’ म्हणून घरात रोज वाद होतो. मी तर दोनदा धुते.
— एक आई, अकोला

तुमचं धुणं बहुधा नीटच आहे. या वयात रोज डाग पडत असतील तर आधी बद्धकोष्ठाचा विचार करावा. तीन-चार दिवसांचा कडक गोळा आत अडकून बसतो, गुदद्वार सैल पडतं आणि गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते. मुलाला ती कळतही नाही, त्यामुळे त्याला रागावून उपयोग नाही. बघा, तो शीला दोन-तीन दिवसांनी बसतो का? शी जाड आणि खड्यासारखी असते का? मध्येच पाय आवळून, टाचा उचलून कोपऱ्यात उभा राहतो का? लोकांना वाटतं तो जोर करतोय. तो खरं तर शी आत ओढून धरत असतो, कारण मागच्या वेळी दुखलं होतं.

अशा वेळी पॉटी शिकवणं थांबवा, हवं तर पुन्हा डायपर लावा, त्यात कमीपणा काही नाही. शी मऊ करायचं औषध (लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल) डॉक्टर वजनानुसार ठरवतात. ते बहुतेक वेळा आठवडे नव्हे, महिने चालू ठेवावं लागतं. दोन दिवस शी मऊ झाली की आपणहून बंद करणं, ही यातली सर्वांत मोठी चूक. आत ताणलेलं आतडं मूळ मापाला यायला वेळ घेतं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. लिटरभर दूध पिणारं मूल भाकरी, पालेभाजी, पपई, पेरू यांना जागाच ठेवत नाही. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पॉटीवर पाच मिनिटं बसवा, कारण पोट भरलं की आतडं आपोआप हलतं. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट किंवा स्टूल द्या. गुडघे कंबरेपेक्षा वर आले पाहिजेत, तरच आतली वाट सरळ होते.

विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची कांडी करून घालणं अजूनही अनेक घरांत चालतं. साबणाने आतली कातडी जळते, देठाने चीर पडू शकते, आणि मूल पुढच्या वेळी अधिकच घट्ट धरतं. कृपया थांबवा.

मुलगी चारची होईल. जूनपासून शाळेत जाणार. तिथल्या ताईंनी ‘धुता आलं पाहिजे’ असं सांगितलंय. दोन महिन्यांत शिकेल का?
— एक बाबा, पुणे

पूर्णपणे नाही, आणि ती अपेक्षाही बरोबर नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना मुलाचा हात डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कानाला लागतो का बघत. चार वर्षांच्या मुलाचा हात तिथवर पोचत नाही, कारण डोक्याच्या आणि धडाच्या मानाने हात आखूड असतात. मागे, खाली, न बघता पोचणं तर त्याहून अवघड. बहुतेक मुलं पाचाच्या आसपास स्वतः बरं धुतात, आणि सहापर्यंत मधूनमधून मोठ्यांनी बघावं लागतं. शाळेला हे स्पष्ट सांगा. कोण मदत करणार, त्या ताईंचं नाव काय, त्या हातमोजे घालतात का, हेही विचारून घ्या. घरी मुलीला सांगा की तुला फक्त आई, बाबा, आजी आणि शाळेतल्या या ताई धुतील. दुसरं कुणी म्हणालं तर ‘नाही’ म्हणायचं आणि घरी सांगायचं. शरीराच्या अवयवांची खरी नावं तिला माहीत असावीत, म्हणजे सांगताना ती अडत नाही.

तरी दोन महिन्यांत बरंच होतं. शिकवताना शेवटाकडून सुरुवात करा. पहिले आठ-दहा दिवस तुम्हीच धुवा, फक्त शेवटचा मग तिच्या हातात द्या. मग टिपण्याचं काम तिचं. मग तुम्ही पाणी ओता आणि हात तिचा फिरू द्या, तुमचा हात तिच्या हातावर ठेवून. सगळ्यात शेवटी मग आणि हात दोन्ही तिचे. मग अर्धाच भरा, भरलेला तिला पेलत नाही आणि पाणी पाठीवर जातं. न बघता धुण्याचा सराव संडासाबाहेर करता येतो. आंघोळीच्या वेळी कंबरेच्या मागे ओल्या बेसनाचा ठिपका लावा आणि हाताने चाचपून धुवायला सांगा. बोटांना चिकट लागणं आणि चिकट न लागणं यातला फरक कळला की निम्मं काम झालं.

तिने धुतल्यावर पांढऱ्या ओल्या फडक्याने तुम्ही एकदा टिपा आणि फडकं तिलाही दाखवा. ओरडू नका, नाक मुरडू नका. ‘थोडं राहिलंय, अजून एक मग’ इतकंच बोला. कपडे इलॅस्टिकचे, एका हाताने खाली होणारे हवेत. नाडी आणि हुकाची बटणं सुट्टीच्या दिवसांसाठी ठेवा.

आणि हात. शाळेआधी एकच गोष्ट पक्की करायची असेल तर ही करा. बेसिनपाशी असं स्टूल ठेवा की तिची कोपरं काठाच्या वर येतील, नाही तर पाणी बाहीत शिरतं आणि ती बोटांची टोकं भिजवून पळते. हात ओले, पंपाचा एक दाब, मग तळवे, हाताच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि शेवटी नखं तळव्यावर खरडून. साबण निदान 20 सेकंद अंगावर राहिला पाहिजे. डाव्याने धुतलं तरी साबण दोन्ही हातांना, कारण मग, कडी आणि नळ उजव्यानेच धरलेले असतात. सॅनिटायझर हा पर्याय नाही. तो घाण काढत नाही, आणि जुलाबाच्या काही विषाणूंवर व जंतांच्या अंड्यांवर त्याचं फारसं चालत नाही. नखं आठवड्याला कापा. तुमचेही हात दर वेळी साबणाने, तिच्यासमोर.

रात्री झोपेत मुलगा ढुंगण खाजवतो, सकाळी चिडचिड. शेजारच्या काकू म्हणतात, गोड बंद करा.
— एक आई, नांदेड

गुळाने किंवा साखरेने जंत होत नाहीत. जंतांची अंडी तोंडावाटे पोटात गेली तरच होतात. हे बहुधा सूतकृमी आहेत, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे, सेंटीमीटरभर. मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते, म्हणून खाज रात्रीच. मूल खाजवतं, अंडी नखात अडकतात, बोट तोंडात जातं आणि चक्र पुन्हा सुरू. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चने बघा, अनेकदा हलताना दिसतात.

डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यावं, ज्यांना खाज नाही त्यांनीही. गरोदर बाई आणि दोन वर्षांच्या आतलं बाळ यांच्याबद्दल आधी विचारा. दोन आठवड्यांनी पुन्हा एक डोस लागतो, कारण औषध जंत मारतं, अंडी नाही. दुसरा डोस चुकला की महिन्याभरात सगळं परत. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे 10 फेब्रुवारीला, अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला 200 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी चुरडून, आणि त्यापुढे 400 मिलिग्रॅमची अख्खी. ती जरूर घ्या, पण खाज चालू असताना तिची वाट बघू नका.

औषधासोबत रोज सकाळी उठल्या उठल्या ढुंगण धुवा, रात्रीची अंडी तेव्हाच निघतात. झोपताना घट्ट चड्डी घाला. औषधाच्या दिवशी चादरी, उशांचे अभ्रे, चड्ड्या गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. चादर झटकू नका, अंडी हलकी असतात, उडतात आणि दोन आठवडे जगू शकतात.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. डे-केअरमध्ये पाणी वापरत नाहीत, फक्त कागद. मुलगी तीनची आहे. चालेल का?
— एक आई

नीट पुसलं तर चालेल. कागद चुरगाळायचा नाही. तीन-चार चौकोनांची सपाट घडी करायची, म्हणजे बोट आरपार जात नाही. पुढून मागे एकदाच ओढायचा, टाकायचा, नवा घ्यायचा. कागद स्वच्छ निघेपर्यंत. शूनंतर पुसणं नव्हे, टिपणं. कागदाचे कण घडीत राहतात, म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर एकदा पाण्याने धुवा. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलं असलं तरी कमोडमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. बिनवासाचे घ्या, आणि घटकांत मिथिलआयसोथायाझोलिनोन हे टिकवण्यासाठी घालतात ते रसायन असेल तर टाळा, त्याने अनेकांना कातडीची ॲलर्जी होते.

प्रवासात, इकडे एसटी स्टँडवर असो की तिकडे महामार्गावर, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणि तिच्या झाकणाला तापवलेल्या सुईने पाडलेली चार-पाच छिद्रं पुरतात. बाटली दाबली की हवी तेवढी धार. सोबत दोन सुती तुकडे, कागदी साबण आणि ओल्या चड्डीसाठी एक बंद होणारी पिशवी.

पॉटीचं भांडं रोज कशाने धुवावं? लहान मुलाची शी तर तशी निरुपद्रवी ना?
— एक आई, रत्नागिरी

निरुपद्रवी नाही. लहान मुलांना जुलाबाचे संसर्ग जास्त होतात, त्यामुळे त्यांच्या शीत जंतू मोठ्यांपेक्षा जास्तच असू शकतात. ती संडासातच ओता. मोरीत, उघड्या गटारात किंवा अंगणाच्या कडेला नाही. भांडं पाण्याने खळबळून तेही पाणी संडासात, मग कपडे धुण्याच्या पावडरीने आणि वेगळ्या ब्रशने घासा, उन्हात पालथं ठेवा. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीच नाही. घरात जुलाब चालू असतील तर घासल्यावर पातळ ब्लीचने दहा मिनिटं भिजवा. ब्लीच आणि संडास धुण्याचं आम्ल एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही बाटल्या मुलाच्या हाताला न लागतील अशा उंचीवर, मूळ बाटल्यांतच ठेवा.

डायपरमधली शी आधी संडासात झटका, मग डायपर कागदात गुंडाळा आणि वरून ओळखू येईल अशी खूण करा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची खूण रुजवली, ती कुठल्याही गावात वापरण्यासारखी आहे, कारण तो पुडा उघडणारे हात कुणाचे तरी असतात.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. पाणी जातं म्हणून आपण न्हाणीघरात बादल्या, पिंपं भरून ठेवतो. मूल एकटं पॉटीला जायला लागतं त्याच वयात ते बादलीत डोकावतं, तोल जातो आणि डोकं जड असल्यामुळे त्याला बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही बुडायला पुरतं. भरलेल्या बादलीवर पक्कं झाकण ठेवा, बाकीच्या पालथ्या घाला, आणि न्हाणीघराची कडी बाहेरून, मुलाच्या हातापेक्षा उंच बसवून घ्या.